भगदाड

फार मागं, गुरंच आपली शेती करायची, तेव्हाची गोष्ट. चांद्या नावाच्या गोऱ्ह्यानं एकदा काटेरी कुंपण मोडलं आणि लहान वासरांसाठी राखलेलं हिरवं कडवळ तुडवून टाकलं.

"गळ्यात लोढणं अडकवा नि घाला कोंडवाड्यात!" भुरी म्हैस गरजली.

चांद्याची आई, मोरी गाय, हे ऐकत होती. कोंडवाड्यातून परतलेली पोरं तिनं पाहिली होती. ती कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसत. मोरी पुढं झाली.

"चूक त्याचीच, मी झाकत नाही. पण भुरीबाई, तुमच्या टोणग्याच्या गळ्यात वर्षभर तो लाकडी ओंडका लोंबतोय. तो काय शिकला? ओंडक्यासकट कुंपण ओलांडायला!"

कळप खदखदून हसला. भुरी फुरफुरली, "मग तूच सांग, शहाणे!"

"पाखऱ्यादादांच्या जोडीला जुंपा त्याला. मोडलेलं त्यानंच भरायचं."

म्हातारा पाखऱ्या बैल म्हणाला, "ये रे पोरा. पण हळू चाल, मला दम लागतो."

आठ दिवस दोघांनी बाभळीच्या फांद्या ओढल्या. चांद्याचा खांदा सोलवटला. भुकेली वासरं बघत उभी राहिली की त्याची मान आपोआप खाली जायची.

नवव्या दिवशी भुरीचा टोणगा त्याच जागी घुटमळला. चांद्या त्याला आडवा आला.

"इथनं नाही हं. हे मी भरलंय. पलीकडं पडकं आहे, भरायला येतोस जोडीला?"

टोणग्यानं आईकडं पाहिलं. भुरीचं रवंथ थांबलं.

"आधी त्याचं लोढणं तरी काढा गं," ती पुटपुटली. "जू कसं बसंल मानेवर?"