न गळणारं घर

"मग माणसं परत का येत नाहीत, बुवा?"

विश्वंभरनं गाडीतून उतरता उतरताच विचारलं. रामराम नाही, पाणी नाही.

हैबतीबुवा ओट्यावर बसले होते. मराठवाड्यातल्या त्या गावातले ते जुने गवंडी. मातीची भिंत कशी उचलावी, धाब्याचं छत कसं घालावं, हे विश्वंभर त्यांच्याच हाताखाली शिकला आणि पुढं शहरात जाऊन आर्किटेक्ट झाला. गावाला त्याचा अभिमान होता. त्याला स्वतःला तर जरा जास्तच होता.

"कोणती माणसं?" बुवांनी विचारलं.

"गाव सोडून गेलेली. त्यांच्यासाठीच तर एवढा प्रकल्प केला. दाबलेल्या मातीच्या विटांची साठ घरं. उन्हाळ्यात पंखा लागत नाही. छतावरचं पाणी हौदात पडतं, ते होळीपर्यंत पुरतं. दिवे उन्हावर चालतात."

"खरं हाय. बायांच्या डोक्यावरची घागर उतरली तुझ्यामुळं. पोरी शाळेत टिकल्या. मी सगळ्यांना सांगत असतो."

"आणि छताला पन्नास वर्षं हात लावायला नको!"

"पन्नास…" बुवांनी मान डोलावली.

बुवांच्या डोक्यावर मात्र धपधप चालली होती. त्यांचं छत जुन्या पद्धतीचं. दर वैशाखात त्यावर पांढरी माती टाकून ती तुडवावी लागते, नाहीतर पावसात घरभर भांडी मांडायची वेळ येते. त्यासाठीच सगळे जमले होते: पुण्यात टेम्पो चालवणारा थोरला, कारखान्यातला धाकटा, दोघांच्या बायका, लातूरची लेक, जावई, शिवाय शेजारचे चौघं. घामानं निथळत होते आणि एकमेकांची थट्टा करत होते. जावयाला कुणीतरी मातीनं माखलं होतं.

विश्वंभर वर बघत राहिला.

"तुमचंही घर नवं करून देतो, बुवा. ही दरवर्षीची कटकट जाईल."

गुरूची विद्या गुरूलाच म्हणतात, ती अशी.

"दे की. मग यांना काय सांगू?"

"त्यात काय सांगायचं? आता यायची गरज नाही म्हणून…"

विश्वंभर बोलून गेला आणि थांबला.

मग तो हळूच ओट्यावर टेकला. त्याचा आवाज उतरला होता.

"चार वर्षं वाट बघतोय, बुवा. डोळे मिटले की ही गल्ली दिसते. दारोदारी माणसं बसलेली, कुणीतरी कुणालातरी हाका मारतंय. फार जीव तुटतो. घरं नुसती निमित्त होती. मला गाव पुन्हा भरलेलं बघायचं होतं."

"वाट कुठं बसून बघतोस?"

"…पुण्यात."

बुवा हसले नाहीत.

"आईला भेटलास?"

"आधी इकडंच आलो. तिचं घर तर प्रकल्पातलं पहिलं. ठणठणीत आहे. आणि फोन रोज करतो मी."

"गेल्या खेपेला कधी आला होतास?"

विश्वंभर आठवत राहिला. सगळ्यांना किल्ल्या वाटल्या, तो दिवस आठवला. त्याच्यानंतरचं काही आठवेना.

"परवा ती आली होती इथं," बुवा म्हणाले. "म्हणाली, भावजी, माझं घर तेवढं जरा गळतं करून द्या."

विश्वंभरची नजर वरच्या धपधपीकडं गेली.

"मग… तुम्ही काय केलंत?"

"नाही म्हणवेना. पहार घेऊन गेलो. दिवसभर ठोकलं."

बुवांनी दोन्ही तळवे उघडून त्याच्यापुढं धरले. फोड आले होते.

"एक टवका निघाला नाही, लेकरा. लई पक्कं बांधलंस."