राजाच्या फुंकरीची रेघ

"माझ्या रेघेपर्यंत ज्याला हंडा उचलता येणार नाही, तो आजारी! आणि आजारी माणसाला गडावर थारा नाही!"

तांबडगडाच्या वीरधवल राजानं दवंडी पिटवली आणि गडकऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. राजवैद्यानं हौदात पातळ पत्र्याचा हंडा पालथा घालून त्याच्या पोटात वेळूची नळी सोडली होती. छाती भरून नळीत फुंकलं, की वाऱ्यानं हंडा वर उचलला जाई. पहिली फुंक राजाची! हंडा जिथवर वर आला तिथं राजानं हौदाच्या भिंतीवर सोन्याची रेघ मारून घेतली. ताडमाड भालदार त्या रेघेला बरोबर टेकत आणि गाल फुगलेले असतानाच थांबत. राजाच्या पुढे जायची कुणाची छाती?

मग बाळोजी तुतारीवाल्याची पाळी आली. म्हातारा बुटका. फुंकता फुंकता डोळे बाहेर यायची वेळ, पण हंडा रेघेच्या अर्ध्यावरच अडला.

"आजारी! उद्याच गड उतर!" राजा गरजला.

बाळोजीची लेक आवडी गर्दीतून पुढे आली. "महाराज, आबांची तुतारी रोज पहाटे तुम्हाला पलंगावरून उठवते. ही का आजारी माणसाची फुंक?"

"मग सिद्ध कर तो ठणठणीत आहे म्हणून! पण बापाची फुंक तसूभर वाढवायची नाही, आणि माझी रेघ तसूभर खाली आणायची नाही. हरलीस तर तूही चालती हो!"

"चल पोरी, बोचकी बांधू," बाळोजी पुटपुटला. आवडीनं हौदाकडे पाहिलं, राजाकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "महाराज, हत्ती आणवा."

हत्ती आला. माहुतानं सोंडेला नळी लावली, हत्तीनं फुर्रकन फुंकर मारली आणि हंडा उडून प्रधानजी नखशिखांत भिजले!

"अरेरे!" आवडीनं कपाळावर हात मारला. "हत्तीच्या मापानं महाराज तर मरणपंथाला लागलेत! गड कधी उतरताय?"

"वेडी का खुळी तू? हत्ती कुठं, मी कुठं! तुलना करायची तर माझ्यासारख्याशी कर!"

"झाला न्याय! आता आबांचीही तुलना आबांसारख्यांशीच!"

राजाला शब्द गिळता येईना. आवडीनं बाळोजीच्या वयाचे, त्याच्याच उंचीचे, खोकला नाही की धाप नाही असे म्हातारे गोळा केले. कुरकुरत एकेकानं फुंकलं. कुणाचा हंडा बोटभर वर, कुणाचा बोटभर खाली. आवडीनं सगळे सामावतील असा खडूचा रुंद पट्टा ओढला. "निरोगी माणसं काही एका साच्यातली नसतात, महाराज. आणि हे बघा, आबा पट्ट्याच्या वरच्या काठाला!"

"बरं बरं, जिंकलीस," राजा फणकारला.

"थांबा! महाराजांसारख्यांनी कुठं फुंकलंय अजून? भालदारांना अभय द्या, म्हणजे छातीत कोंडलेला वारा तरी बाहेर येईल."

राजानं मिशीला पीळ देत अभय दिलं. त्याच्याच वयाच्या, त्याच्याच उंचीच्या भालदारांनी फुंकलं. पहिल्याचा हंडा सोन्याच्या रेघेच्या वीतभर वर! दुसऱ्याचाही! तिसऱ्याचाही! त्यांचा पट्टा ओढला, तर राजाची रेघ पट्ट्याच्या पार खाली लोंबकळत राहिली.

"महाराज," आवडी हात जोडून म्हणाली, "दवंडीप्रमाणे आजारी माणूस सापडला!"

प्रधानजींनी डोळे मिटून घेतले. राजाचा चेहरा लाल झाला, मिशा थरथरल्या आणि तो खदाखदा हसत सुटला. हसता हसता खोकल्याची उबळ आली. तेवढ्यात वैद्यानं संधी साधली, "हुक्का सोडा, महाराज! कधीपासून सांगतोय!"

"बरं, मग हुक्का गड उतरेल, मी नाही!" राजा डोळे पुसत म्हणाला. "माग पोरी, काय हवं ते!"

"दर पुनवेला महाराजांची फुंक मोजायचं काम मला द्या. आणि महाराज मधेच थांबले तर 'अजून! अजून! दम काढा!' असं महाराजांवर खेकसायची परवानगी."

राजा पुन्हा पोट धरून हसला. हातातलं सलकडं उतरवून त्यानं आवडीला दिलं आणि म्हणाला, "दिली! पण हळू खेकस, बायको ऐकेल!"