सही आणि वेळ

“मग अकरा माणसं मेली कशी?”

सत्यभामाबाईंनी आवाज चढवला नव्हता. तरी दत्तारामने मान खाली घातली.

“म्हणूनच तर समिती नेमली, बाई. आणि मला तिचा प्रमुख केलं.”

बाई पूर्वी पोलिसांच्या बिनतारी संदेश शाळेत शिकवायच्या. दत्ताराम केळसकर त्यांचा विद्यार्थी. आता तो सत्तावन्न वर्षांचा बडा अधिकारी होता. बाई नोकरी सोडून सड्यावरच्या, डोंगराच्या सपाट माथ्यावरच्या देवळाशेजारी एका खोलीत राहत होत्या. खाली खाडी दिसायची, आणि कोंडसरी गावाचा होड्यांचा धक्का.

त्याच धक्क्यावर दोन वर्षांपूर्वी स्फोट झाला होता. इशारा तीन दिवस आधी आला होता. तो तीन सुरक्षा खात्यांत फिरला. तिन्हीकडे सह्या होत्या.

“बस,” बाई म्हणाल्या.

तो अंगणातल्या जांभ्याच्या चिऱ्यांवर बसला. चिरे नुसते एकावर एक रचलेले. त्याने फाईल मांडीवर उघडली.

“आता तसं होणार नाही. तिन्ही खाती एकमेकांना किती माहिती देतात ते आम्ही मोजलं. वर्षात चार हजार एकशे संदेश. पैकी अठ्ठ्याण्णव टक्के वेळेत पोचले.”

“पोचले हे कशावरून?”

“सहीवरून. सही आणि वेळ.” तो हसला. “तुमचंच शिकवणं. कागद हातात आला की आधी सही, मग वेळ. छडी मारून शिकवलंत.”

“वाचायचं शिकवलं नव्हतं का?”

“ते काय शिकवायचं असतं, बाई?”

“मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं...”

त्या थांबल्या. त्यांची नजर त्याच्या बुटांवर गेली, आणि तिथेच राहिली.

“उद्या अहवाल वर जातो,” तो सांगत होता. “मंजूर झाला की स्फोटानंतर धक्क्यावर उघडलेली संयुक्त चौकी बंद. तीन खात्यांची तीन माणसं एका टेबलाशी बसतात आणि एकमेकांना कागद वाचून दाखवतात. एकविसाव्या शतकात! आता सगळं यंत्रणेतून जातं.”

“दत्ताराम...”

“एक मिनिट, बाई.”

“अरे, तुझ्या...”

त्याने हात वर केला. बैठकीत हाताखालच्यांना गप्प करतात तसा. “आधी आकडे ऐका. मग काय ते बोला.”



भिंतीला टेकवलेली काठी त्यांनी हळूच जवळ ओढली. मग जुन्या सवयीने कमरेच्या पिशवीतून वही काढली, एक ओळ लिहिली, पान फाडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

दत्तारामचा हात आपोआप पुढे आला. त्याने घड्याळ पाहिलं. कोपऱ्यात सही केली, खाली लिहिलं, चार-दहा. आणि चिठ्ठी फाईलमध्ये सरकवली.

बोलणं तुटलं नाही.

“पहिल्या तिमाहीत सत्त्याण्णव टक्के होते. दुसऱ्या तिमाहीत...”

“चिठ्ठी वाच.”

“नोंद झाली, बाई. वाचतो.”

बाईंचे ओठ पांढरे पडले होते. काठी धरलेला हात मात्र हलत नव्हता.

“खाली गावातली माणसं अजून त्या धक्क्यावर उभी राहत नाहीत,” त्या अगदी सावकाश म्हणाल्या. “होडी आली की उडी मारून चढतात. हे कुठल्या रकान्यात लिहिलंस?”

“भीती मोजता येत नाही.”

“बरं.”

...

वारा पडला होता. तेवढ्यात कुठून तरी आवाज आला. तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा, चरचर.

“चुलीवर काही ठेवलंय का?” दत्तारामने विचारलं.

“नाही.”

आवाज थांबला. पुन्हा आला. या वेळी जवळून.

“मग हे काय वाजतंय?”

बाईंनी फाईलकडे बोट दाखवलं.

त्याने वैतागून चिठ्ठी बाहेर काढली. अक्षर तेच, शाळेतल्या फळ्यावरचं, सुटं आणि ठसठशीत.

*तुझ्या डाव्या टाचेमागे फुरसं आहे. हलू नकोस.*

त्याने ओळ वाचली. आपली सही पाहिली. परत ओळ वाचली.

कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. पुसायला हात उचलेना. तीस वर्षांच्या नोकरीत त्याने सर्पदंशाचे पंचनामे पाहिले होते. तालुक्याचं इस्पितळ दीड तासावर होतं. गाडी आणि ड्रायव्हर चढणीच्या पायथ्याशी.

“बाई...” ओठ न हलवता तो म्हणाला.

“श्वास घे. पाय तिथेच.”

त्या उठल्या. एक पाऊल. थांबल्या. दुसरं पाऊल. काठीचं टोक जमिनीलगत सरकत आलं, त्याच्या बुटाच्या आणि चिऱ्याच्या मधे शिरलं.

चरचर वाढली.

फाईल मांडीवरून घसरायला लागली. त्याने ती धरली नाही. एकेक पान सुटून अंगणात पडलं. तिमाही, टक्के, आलेख. काठीच्या झटक्याने त्यांतल्या एका पानावर ते वेटोळं येऊन पडलं, करड्या रंगाचं, वीतभर. क्षणभर डोकं उचलून राहिलं. मग तिरकं तिरकं घसटत दगडांच्या फटीत गेलं.

आवाज बंद झाला.



मग दत्ताराम ओरडला. आवाज चिरका निघाला, पोरासारखा. “मी मेलो असतो! दहा मिनिटं मी इथे बसलोय! दहा मिनिटं! तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही... ओरडला का नाहीत?”

बाई खाली बसल्या. “ओरडले असते तर तू पाय हलवला असतास.” त्यांनी अंगणातली पानं गोळा केली, झटकली, नीट लावली. त्याच्या मुठीतली चुरगळलेली चिठ्ठी सोडवून घेतली, गुडघ्यावर सपाट केली, आणि अहवालाच्या सगळ्यात वर ठेवली.

“ही पण धर मोजणीत,” त्या म्हणाल्या. “चार-दहाला पोचली.”