दुसऱ्याकडून न होणारा नेम

देवीच्या गडाखालच्या गावात एक व्रतस्थ माई राहत असत. नेमधर्म विचारायला बायका त्यांच्याकडे येत. एका ज्येष्ठात बावन्न वर्षांची एक गृहिणी सुनेला घेऊन आली.

"माई, पाळी गेली आणि हाडं ठिसूळ झाली. मागच्या वर्षी मनगट मोडलं. तेव्हापासून घरात मला कोणी उठू देत नाही. नवरात्रात ओटी भरायला डोलीतून गड चढले, देवीपुढे मान वर होईना. यंदा माझ्या पायांनी जायचंय. बसून करायचा एखादा जप सांगा."

"वैद्यांची चालायला मनाई आहे?"

"छे, उलट चालाच म्हणतात."

माईंनी पिशवीत दोन मुठी तांदूळ घातले. "ही खांद्याला अडकवून रोज पहिल्या टप्प्यापर्यंत चढायचं. दर शुक्रवारी एक मूठ वाढवायची. उपास असला तरी दूध, राजगिरा पोटभर घ्यायचा."

"ठिसूळ हाडांवर ओझं?" सून कळवळली. माईंनी पिशवी बाईंच्या खांद्याला अडकवली.

श्रावणात बाईंच्या पोटऱ्या दुखू लागल्या. सून म्हणाली, "सासूबाई, द्या ती पिशवी. चढते मी, पुण्य तुमचं." अडचणीत व्रत दुसऱ्याकडून करवून घ्यायची रीत आहेच, म्हणून बाईंना पटले. महिनाभर सूनच चढली.

माईंना हे कळले. त्यांनी दोघींना जमिनीवर बसवले आणि म्हणाल्या, "आता उठा."

सून टुणकन उठली. बाईंना भिंत धरावी लागली.

"पाहिलंस, नेम कुणाला पोचला? जप दुसऱ्याने केला तरी देव गोड मानून घेतो. हाडामांसाला ती सोय नाही. त्यांच्याकडे काम मागितलं तर ती बळ धरतात. नाही मागितलं तर आपली गरज सरली असं समजून झिजतात. आपल्या या वयात तर लवकरच. एकदम भार नको, म्हणून मूठमूठ. सुनेनं सोबत चालावं, ओझं घेऊ नये."

सून ओशाळली. "म्हणजे महिनाभर माझीच हाडं पुण्यवान झाली!"

दुसऱ्या दिवसापासून पिशवी बाईंच्या खांद्यावर आली. नवरात्रात त्या वाटेत तीनदा टेकल्या, पण आपल्या पायांनी देवीपुढे उभ्या राहिल्या. परतल्यावर त्यांनी हात जोडून विचारले, "माई, उद्यापन कधी करू?"

"याला उद्यापन नसतं गं."

बाई सुनेकडे वळल्या. म्हणाल्या, "उद्या मला जरा लवकर उठव."