म्हाळू पाटलाची खरवड

ओढ्याच्या मधोमध हा काळा खडक आडवा पसरला आहे ना, त्याच्यावरचे खळगे बघायला आलात, बरं केलंत. बसा. सावली इकडे आहे. काही खळगे परातीएवढे, काही वाटीएवढे, एखादा तर लहान लेकराच्या ओंजळीएवढा. सगळे गोल, आतून गुळगुळीत, जणू कोणी हात फिरवून सारवले आहेत. पाण्यात गोटे फिरून असे खळगे पडतात, असं काही जण सांगतात. पडत असतील. आमच्या शिरसोंडीत मात्र वेगळं सांगतात.

पण आधी एक सांगतो. वरच्या रस्त्याला जत्रा कमिटीने पाटी लावली आहे. तिच्यावर म्हणे असं लिहिलं आहे, की म्हाळोजी पाटलांनी पूर्वी साऱ्या गावाला आंबील घातली आणि हे त्यांच्या अन्नदानाचे खळगे. येताना वाचली असेल तर तेवढं मनातून काढून टाका. पाटलाने आंबील घातली नाही. पाटलाने आंबील अडवली. ज्या बाईने घातली तिचं नाव पाटीवर एका कोपऱ्यातसुद्धा नाही. मी सहसा कोणाला वाकडं बोलत नाही, पण त्या पाटीसमोरून जाताना माझं डोकं फिरतं.

तिचं नाव सारजा. वरच्या आळीत घर, नवरा वारलेला, पदरात एकच पोर, चंद्री. एका साली गावात तापाची साथ आली आणि चंद्रीने डोळे मिटले ते उघडेनात. पाणीसुद्धा घशाखाली उतरेना. तेव्हा सारजा जाखाईच्या देवळात गेली आणि पायरीवर डोकं ठेवून बोलली, “आई, माझ्या पोरीनं डोळं उघडू दे. गावातल्या एकूण एक माणसाला, ज्याला जशी आवडती तशी, आंबील घालीन.”

आता असा नवस कोणी बोलतं का? गावजेवण घालीन म्हणायचं, काहील भरून आंबील घालीन म्हणायचं, संपलं. पण आईचा जीव कासावीस झाला होता. तोंडातून निघालं ते निघालं, आणि नवसातला शब्द आमच्याकडे मागे घेता येत नाही. त्याच संध्याकाळी चंद्रीने डोळे उघडले आणि म्हणाली, “आये, गूळ घालून आंबील दे की.”

येत्या पुनवेला नवस फेडायचा ठरला. सारजा घरोघर विचारत निघाली. तुम्हा शहरातल्या माणसांना वाटेल, आंबील म्हणजे आंबील, त्यात विचारायचं काय? तसं नाही. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर आंबवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून घाटत बसायचं, इथवर सगळ्यांचं सारखं. पुढे दर घराची तऱ्हा निराळी. कोणाला लसूण-जिरं ठेचून हवं, कोणाला नुसतं मीठ. तेल्याच्या म्हाताऱ्याला वरून करडईच्या तेलाची धार लागायची. सुताराच्या घरी कारळ्याची चटणी. एका सासूला पळीवरून सुटणार नाही इतकी घट्ट लागायची आणि तिच्याच सुनेला पाण्यासारखी पातळ, ताक ओतून. ती सून सारजाला दाराआड ओढून हळूच म्हणाली, “मला घट्ट आवडती म्हणून सांग बया, न्हाईतर म्हातारी वर्षभर बोलंल.” सारजा म्हणाली, “देवीपुढं खोटं चालायचं न्हाई. पातळच घालीन. म्हातारीचं मी बघती.”

गाव हसत होतं. बायकांना तर नवलच वाटलं. लग्न होऊन आल्यापासून त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, तुला काय आवडतं म्हणून.

मग सारजा ओढा उतरून पलीकडे गेली. पलीकडे खालची वस्ती. गावाची मेलेली गुरं ओढायची त्यांनी, गावाला सांगावे पोचवायचे त्यांनी, गावात मूल जन्मलं की नाळ कापायची तीही त्यांच्याच बायांनी. आणि जत्रेला त्यांना काय मिळायचं? काहील धुतलेलं पाणी. त्यात आंबील कमी आणि राख जास्त. वरती काय घालायचं हा प्रश्नच नव्हता. सारजा दारात उभी राहून विचारायला लागली, तेव्हा म्हणे आधी कोणाचा विश्वासच बसेना. चेष्टा करायला आली असं वाटलं त्यांना. मग एक म्हातारा म्हणाला, “सुकट भाजून चुरायची आन् वर कच्चा कांदा.” एक बाई म्हणाली, “लसणीची पात.” आणि एक पोरगी आईच्या लुगड्याआडून बोलली, “तूप आन् गूळ.” तिने कधी खाल्लं नव्हतं. देवळाच्या भिंतीपलीकडून वास घेतला होता.

ही तूपगुळाची गोष्ट पाटलाच्या कानावर गेली आणि तो पेटला.

म्हाळोजी पाटील चावडीत बसून होता. त्याने सारजाला बोलावलं आणि चार माणसांत विचारलं, “काय गं, आता तूप कुणाच्या तोंडाला लागायचं ते तू ठरवणार?”

“मी कोण ठरवणारी? ज्येची त्येची जीभ ठरवती, पाटील. तुमालाबी इचारायचंच हाय. तुमाला कशासंगं?”

पाटील हसला. काय हसला असेल, विचार करा. म्हणाला, “मी न्हाई सांगणार.”

“असं कसं? नवसात सारं गाव हाय.”

“म्हणूनच न्हाई सांगणार. खालच्या वस्तीला तू इचारलंस ते माघारी घे. त्यांना न्हेमीसारखं काहिलीचं पाणी घाल. मग सांगतो. न्हाईतर तुझा नवस मोडला, आन् पोरगी गेली, तर ते तुझ्या करणीनं.”

ऐकलंत ना? आजारातून उठलेलं पोर, आणि त्याच्या जिवाची दोरी या माणसाने आपल्या जिभेखाली धरून ठेवली. कशासाठी? तर पलीकडच्या एका पोरीला चमचाभर तूप मिळू नये म्हणून. मला ही गोष्ट आजोबांनी सांगितली, त्यांना त्यांच्या आजोबांनी. इतक्या पिढ्या ओलांडून आली, तरी इथवर आलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

सारजाने माघार घेतली नाही. मग पाटलाने देवळातली काहील कुलपात टाकली. कोणी तिला भांडं द्यायचं नाही, असा हुकूम काढला. पत्रावळीला पळसाची पानं तोडायला बायका निघाल्या, तर रानात माणसं उभी केली. झाडाचं पान, देवाने दिलेलं, त्यालाही याची परवानगी!

पुनवेच्या दिवशी सारजा या खडकावर आली. हा खडक ना अलीकडचा, ना पलीकडचा. चुली मांडल्या, घरची मडकी चढवली आणि घाटायला लागली. चंद्रीला शेजारी घोंगडीवर निजवलं होतं. पोरीचं अंग पहाटेपासून पुन्हा तापलं होतं. खालची वस्ती पलीकडच्या काठाला उभी, गाव अलीकडच्या काठाला. आंबील शिजली. पण वाढायची कशात?

सांगतात, की सारजाने पळी भरली, जाखाईच्या देवळाकडे बघितलं आणि म्हणाली, “आंबील माझी, आई. भांडं तुझं.” आणि उघड्या खडकावर ओतली. कढत आंबील पडली तसा दगड लोण्यासारखा खाली बसला आणि वाटी झाली. दुसरी पळी ओतली, दुसरी वाटी. ज्याची जेवढी भूक, तेवढा खळगा. पलीकडची माणसं आली, अलीकडची आली. खळगे रांगेत पडलेच नव्हते, तेव्हा कोणी वर आणि कोणी खाली बसायचा प्रश्नच उरला नाही. कोणाच्या खळग्यात सुकट, कोणाच्यात तेल. त्या सुनेच्या खळग्यात पातळ आंबील नि वर ताक, आणि शेजारी सासू बघतेय. म्हातारी म्हणाली, “एवढी पातळ खातीस? मग घरात कधी बोलली का न्हाईस?” सून म्हणाली, “तुमी इचारलं कधी?” पलीकडच्या पोरीने तूपगुळात बोट बुडवलं आणि चाटून लगेच दुसरं बुडवलं.

सगळ्यांचं झालं. एक माणूस राहिला. तो वर काठावर पागोटं बांधून उभा होता, आपल्या माणसांच्या घोळक्यात, हाताची घडी घालून. सूर्य कलला. चंद्रीचे डोळे पुन्हा मिटले होते, हाका मारल्या तरी पोर हूं की चूं करेना. सारजा वर बघून ओरडली, “पाटील, पाया पडती, येक शब्द बोला. कशासंगं?” पाटील बोलला नाही.

तेव्हा खालच्या वस्तीची धुरपा उठली. गावातल्या निम्म्या माणसांची नाळ तिने कापली होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अगं त्येला काय इचारतीस? मला इचार. त्येच्या आईला दूध नव्हतं. माझ्या अंगावर वाढलाय त्यो. पायावर उभा राह्यला तरी सांजचा पळून माझ्याच खोपटात यायचा. त्येला तूप नको, गूळ नको. मडक्याच्या बुडाची खरवड लागायची. करपलेली. वर मीठ, आन् बुक्कीनं फोडलेला कांदा.”

सारजाने मडकी आडवी केली आणि बुडाला चिकटलेली काळी-तांबूस खरवड खरडून काढली. धुरपाने आपल्या हाताने कांदा फोडला. मग काठाकडे तोंड करून तिने हाक मारली, तान्हेपणी मारायची तशी.

“म्हाळूऽऽ! ये रं, खरवड काढलीया!”

दोन्ही काठ ऐकत होते. पाटलाचीच माणसं खाली माना घालून हसायला लागली. पाटील तसाच उभा. मग वारा फिरला असेल, करपलेला वास वर गेला असेल. असं सांगतात, की पाटील वहाणा काठावर काढून खाली आला, धुरपासमोर बसला आणि खळगा पुसून घ्यावा तशी सगळी खरवड खाल्ली. त्याचा शेवटचा घास उतरला आणि इकडे चंद्रीला दरदरून घाम फुटला. पोर उठून बसली.

नवस फिटला. पण पुढचं ऐका. पाटलाला पश्चात्ताप झाला, त्याने धुरपाचे पाय धरले, असं कमिटीची माणसं माईकवरून सांगतात. साफ खोटं. आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं ते असं, की त्याने धोतराला हात पुसले, वहाणा घातल्या आणि घरी गेला. चुकलं म्हणाला नाही. ज्या बाईचं दूध प्याला, जिला राखेचं पाणी पाजलं, तिच्याकडे त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

म्हणून आजही पुनवेची आंबील याच खडकावर होते. विचारायची सुरुवात खालच्या वस्तीपासून, आणि विचारल्याशिवाय कोणाच्या खळग्यात काही पडत नाही. शेवटी खरवड निघते. ती पाटलाच्या घरातल्या थोरल्याची. खालच्या वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई त्याला घरातल्या नावाने हाक मारते आणि तो येऊन खाईपर्यंत खडकावरून कोणी उठत नाही. गेल्या साली सध्याच्या पाटलांनी ड्रायव्हरला स्टीलचा डबा देऊन पाठवलं, म्हणे मीटिंग आहे, भरून द्या. हाक मारणारी होती खालच्या वस्तीतली हौसाक्का. ती म्हणाली, “डब्याला कुठं दात हायेत? बाबल्याला म्हणावं सवता ये.” सारं गाव बसून राहिलं. लहान पोरं खळग्यांपाशीच पेंगली. दिवस बुडताना गाडी आली. पाटील उतरले, खाली आले, मुकाट्याने खाल्लं, रुमालाने हात पुसले आणि गेले.

देवीला फक्त आंबील बोलली होती, ती कधीच पोचली. हौसाक्का मात्र दरवर्षी, घास संपल्यावरही, पाटलाच्या तोंडाकडे बघत थोडा वेळ तशीच बसते. तो काही बोलतोय का म्हणून.