चिचुंद्रीचा ओला मोजा

एक होती चिचुंद्री. एवढीश्शी. नाक मात्र हे लांब.

ती राहायची शेवंताकाकीच्या लॉन्ड्रीत. इस्त्रीच्या टेबलामागे. एका लाल मोज्यात.

मोज्याचा जोडीदार हरवला होता. एकट्या मोज्याला न्यायला कोण येणार? कुणी आलं नाही. मग चिचुंद्री म्हणाली, "माझा." आणि शिरली आत. टाचेत शेपूट, तोंडाशी नाक. झोप कशी, गाढ.

एक दिवस काकीनं केर काढला. खर्र खर्र. टेबलामागे मोजा सापडला, रिकामा.

"अगं बाई, किती मळलाय," काकी म्हणाली. आणि टाकला की धुवायला. खळबळ खळबळ. मग टाकला ड्रायरमध्ये.

काकीच्या गावात धुकंच धुकं. दोरीवर कपडे वाळायचेच नाहीत. म्हणून काकीनं ड्रायर आणला होता. तो कपडे पोटात घ्यायचा. गरगर फिरवायचा. गरम गरम परत द्यायचा.

आज ड्रायर फिरला. घर्र घर्र. थांबला. काकीनं दार उघडलं. कपडे ओले. मोजा ओला.

काकीनं ड्रायरला दोन थापा मारल्या. धप्प धप्प. काकीचं हे एकच औषध. पंखा अडला, थाप. रेडिओ बसला, थाप.

काकी पाणी आणायला वळली. तेवढ्यात चिचुंद्री मोज्यात शिरली. ईऽऽ. गारगार. नाक गार, शेपूट गार. आऽऽक्छी!

आता झोपायचं कुठे? चिचुंद्रीला रडूच आलं. पण रडून मोजा वाळतो का? उलट आणखी ओला होतो. म्हणून तिनं रडणं ठेवून दिलं.

ती ड्रायरला म्हणाली, "ड्रायरदादा, ड्रायरदादा, मोजा वाळव."

"का म्हणून?"

"मोजा ओला,
नाक गार,
झोपू कशी मी?
आऽऽक्छी!"

ड्रायर म्हणाला, "मी नाही वाळवत जा. माझा श्वास कोंडलाय. वर काकी थापा मारते. आधी नळीला सांग, फूऽ कर."

नळी होती भिंतीत. एक टोक ड्रायरमध्ये, एक टोक बाहेर. निघाली चिचुंद्री. तुरुतुरु, तुरुतुरु.

"नळीबाई, नळीबाई, फूऽ कर."

"का म्हणून?"

"ड्रायर वाळवेना,
मोजा ओला,
नाक गार,
झोपू कशी मी?
आऽऽक्छी!"

नळी म्हणाली, "हुंफ्, हुंफ्. मी नाही फुंकत जा. माझ्या तोंडावर बोका बसलाय. आधी बोक्याला सांग, ऊठ."

निघाली चिचुंद्री. तुरुतुरु, तुरुतुरु. भिंतीबाहेर बघते तर काय? नळीच्या तोंडावर बोक्याचं बूड. बोका डोळे मिटून बसलेला. खाली ऊब, वर धुकं.

तुम्हाला वाटेल, बोका चिचुंद्रीला खाईल. छे. तिच्या अंगाला वास येतो ना. बोक्यानं नाक मुरडलं आणि मान फिरवली.

"बोकोबा, बोकोबा, ऊठ."

"का म्हणून?"

"नळी फुंकेना,
ड्रायर वाळवेना,
मोजा ओला,
नाक गार,
झोपू कशी मी?
आऽऽक्छी!"

बोका म्हणाला, "मी नाही उठत जा. माझ्या बुडाला गार लागेल. आधी काकीला सांग, पोतं दे. जाड बघून दे, म्हणावं."

निघाली चिचुंद्री. तुरुतुरु, तुरुतुरु. काकी बादलीशी बसली होती. बँडवाल्यांचे लाल कोट पिळत होती. एक कोट, दोन कोट. पिळ पिळ पिळ.

"काकी, काकी, पोतं दे."

"का म्हणून?"

"बोका उठेना,
नळी फुंकेना,
ड्रायर वाळवेना,
मोजा ओला,
नाक गार,
झोपू कशी मी?
आऽऽक्छी!"

काकी म्हणाली, "अगं बाई, मी नाही देत जा. पोतं माळ्यावर. माझे हात गुंतलेत. हे बँडवाले दारात ठाण मांडून बसलेत. आधी त्यांच्या मास्तरांना सांग, जा."

असं म्हणून काकीनं कोट ड्रायरमध्ये कोंबले. मोज्यावरच कोंबले. दार लावलं. धप्प धप्प.

निघाली चिचुंद्री. तुरुतुरु, तुरुतुरु. दारातल्या बाकावर सोपानमास्तर बसले होते. पोट मोठं, मिशी मोठी, अंगात नुसतं बनियन. शेजारी ढोलवाला, तोही बनियनवर. बाकावर पितळेचा मोठ्ठा भोंगा.

"मास्तर, मास्तर, जा."

"का म्हणून?"

"काकी पोतं देईना,
बोका उठेना,
नळी फुंकेना,
ड्रायर वाळवेना,
मोजा ओला,
नाक गार,
झोपू कशी मी?
आऽऽक्छी!"

मास्तर म्हणाले, "मी नाही जात जा. बनियनवर वाजवू होय? लोक हसतील की. तिकडं नवरदेव घोड्यावर बसून पेंगतोय. पण कोट वाळल्याशिवाय हा मास्तर हलायचा नाही. आधी ड्रायरला सांग, वाळव."

ड्रायरला?

निघाली चिचुंद्री. तुरु... तुरु... पाय दमले.

"ड्रायरदादा, ड्रायरदादा, वाळव."

"का म्हणून?"

"मास्तर जाईनात,
काकी पोतं देईना,
बोका उठेना,
नळी फुंकेना,
ड्रायर वाळवेना,
मोजा ओला,
नाक गार,
झोपू कशी मी?
आऽऽक्छी!"

ड्रायर म्हणाला, "नळीला सांग."

घ्या. ड्रायर म्हणतो नळी. नळी म्हणते बोका. बोका म्हणतो काकी. काकी म्हणते मास्तर. मास्तर म्हणतात ड्रायर. गोल गोल गोल. फिरून फिरून चिचुंद्रीला घेरी आली.

ती दारापर्यंत आली आणि मटकन बसली. कुठे बसली? बाकावर, भोंग्यापाशी.

तिनं भोंग्याकडे बघितलं. भोंग्याला एक बाजू बारीक. एक बाजू मोठी, सुपाएवढी. मोठी बाजू मागच्या खिडकीकडे. खिडकीबाहेर कोण? बोका.

चिचुंद्री गालात हसली.

बारीक बाजूला बारीक भोक. भोकात घातलं लांब नाक. बरोबर बसलं. पितळ होतं गार. नाकात झाली गुदगुदी. आली, आली, थांबली. आली, आली...

आऽऽऽऽक्छी!

भोंऽऽऽऽऽऽऽ!

बोका उडाला. टुण्णकन. थेट पिंपावर. शेपूट फुगून झाडू झाला.

नळी मोकळी झाली. फूऽऽऽस्स. आतून निघाला कापूस. लाल कापूस, पांढरा कापूस. कपड्यांचा मऊ मऊ कापूस. अंगणभर उडाला. एक झुबका बोक्याच्या मिशीला चिकटला.

ड्रायरनं श्वास घेतला. हाऽऽश. मग फिरला. घर्र घर्र घर्र घर्र. टिंग.

काकीनं दार उघडलं. कोट वाळले. गरम, कोरडे, पापडासारखे कडक.

"बघितलं?" काकी मास्तरांना म्हणाली. "माझ्या थापेला गुण आहे."

चिचुंद्री ड्रायरकडे धावली. ती मोजा शोधत होती. ड्रायरच्या पोटात बघितलं. मोजा नाही. बादलीत बघितलं. मोजा नाही. सगळ्यांचं झालं, आणि हिचा मोजाच नाही? चिचुंद्रीचे डोळे भरले.

तिकडे मास्तर कोट घालत होते. एक हात गेला, बाहेर आला. दुसरा हात गेला, बाहेर येईना.

"आता माझ्या हाताला काय झालं?" मास्तर म्हणाले.

ढोलवाल्यानं बाही झटकली. बाहीतून काय पडलं? टप्. लाल मोजा.

"हा कुणाचा?" मास्तर म्हणाले.

"माझा," चिचुंद्री म्हणाली.

"घे बाई. तुझा तुला."

ढम ढम, भों भों. मास्तर गेले.

काकीचे हात मोकळे झाले. काकीनं माळ्यावरून पोतं काढलं. जाड बघून काढलं. पिंपाजवळ अंथरलं. बोका बसला पोत्यावर.

मग काकीनं नळीकडे बघितलं. नळीच्या तोंडावर बोक्याचे केस. अंगणात कापूस. काकीनं कपाळावर हात मारला.

"अगं बाई. बोक्याचं बूड होय? आणि आत हा एवढा कापूस? मी मेली उगाच थापा मारत बसले."

तिनं ड्रायरला कुरवाळलं. मग सगळा कापूस गोळा केला आणि चिचुंद्रीच्या मोज्यात भरला. ठासून नाही, मऊ मऊ.

"रोज नळी साफ करीन. रोजचा कापूस तुझा," काकी म्हणाली. "तू भोंग्यात शिंकली नसतीस तर नवरदेव घोड्यावरच म्हातारा झाला असता."

चिचुंद्री मोज्यात शिरली. टाचेत शेपूट, तोंडाशी नाक.

मास्तर गेले,
काकीनं पोतं दिलं,
बोका उठला,
नळी फुंकली,
ड्रायरनं वाळवला,
मोजा सुका,
नाक गरम,
झोपते बाई मी.
आऽऽऽ...

आली का शिंक? नाही. ती जांभई होती.

आता तुझं नाक बघू. गरम आहे? मग शीर पांघरुणात.