शड्डू ठोकणारी बॅटरी

"ही बॅटरी मेली म्हणता? हे बघा!" असं म्हणून पाणदगडच्या हंबीरराजांनी ड्रिल मशीन हवेत धरलं आणि खटका दाबला. घर्रर्रर्र! "दिवा हिरवा आहे, मशीन फिरतंय. बॅटरी चांगली ठणठणीत आहे! नवी मिळणार नाही!"

राजेसाहेबांचं राज्य कधीच गेलं होतं, पण हट्ट जागच्या जागी शाबूत होता. राजवाड्यामागे पाहुण्यांसाठी नव्या खोल्या बांधल्या होत्या. त्यांचे चाळीस दरवाजे बसवायचं काम धोंडीराम सुताराकडे आणि त्याची लेक कस्तुरा हिच्याकडे होतं. मशीन राजवाड्याचं, त्याची बॅटरीही राजवाड्याची, पाच वर्षांची आणि पार थकलेली. दोन स्क्रू झाले की तिचा दम संपायचा. उरलेले स्क्रू धोंडीराम पेचकसानं हातानं पिळायचा, आणि आता त्याचं मनगट सुजून टम्म झालं होतं. त्यात शनिवारी पाहुणे येणार. तोवर दरवाजे लागले नाहीत तर काम शहरातल्या ठेकेदाराला मिळणार होतं.

"सरकार, हवेत कुणीबी फिरंल," कस्तुरा म्हणाली. "लाकडात घालून बघा की!"

झालं! राजेसाहेबांच्या मिशा थरथरल्या.

"आम्हाला शिकवतेस? मग ऐक! 'काढा ही, दुसरी आणा' असं आमच्या तोंडून वदवून घेतलंस, तरच नवी येईल. मुदत उद्या संध्याकाळपर्यंत. आणि तोवर आमच्यापुढं बॅटरीचं नाव जरी काढलंस, तर काम गेलंच म्हणून समज!"

बाहेर येताच धोंडीरामानं कपाळाला हात लावला. "नाव घ्यायचं न्हाई आन् वदवून घ्यायचं? गेलं काम, पोरी!"

कस्तुरा तडक कामाच्या जागी परतली. तिनं बॅटरी चार्जरला लावली आणि समोर बसून राहिली. पाव तासात दिवा हिरवा झाला. इतक्यात भरलीसुद्धा! कस्तुरा गालात हसली. राजेसाहेबांना जगात एकच गोष्ट कळते, हे सगळ्या पाणदगडला ठाऊक होतं. ती गोष्ट म्हणजे कुस्ती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राजेसाहेब नेहमीसारखे तालमीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. आत वस्तादांच्या नजरेखाली लाल मातीत पोरं घुमत होती. कस्तुरा उंबऱ्याबाहेर अदबीनं उभी राहिली.

"सरकार, एका गड्याचा न्याय पायजे."

"पैलवानाचा? बोल बोल!" राजेसाहेब खुर्चीत पुढं सरकले.

"राजवाड्याच्याच पदरी हाय. पाच वर्सं तुमचाच खुराक खातोय. शड्डू असा ठोकतोय की कौलांवरची कबुतरं उडत्यात!"

"शाब्बास! मग तक्रार काय?"

"कुस्तीला लावला की दोन डावांत मटकन खाली बसतोय."

"हात्तिच्या! खुराक कमी पडत असेल."

"तेच तर सरकार! आधी तासभर बसून खायचा. आता पाव तासात पोट भरलं म्हणतोय आन् ताट सारतोय."

राजेसाहेब ताडकन उठले. "पाव तासात? अगं, मग संपला तो! चाळीस वर्षं पैलवान बघतोय आम्ही. अंगात खुराक मावेनासा झाला की कुस्ती संपली. शड्डूचं काय घेऊन बसलीस, शड्डू आम्हीसुद्धा ठोकू! वस्ताद, कोण हा ऐतखाऊ? आत्ताच्या आत्ता काढा त्याला, ताज्या दमाचा दुसरा आणा!"

वस्ताद बिचारे गोंधळून एकेका पोराचं तोंड बघू लागले. कस्तुरानं पदराखालची बॅटरी काढली आणि अलगद उंबऱ्यावर ठेवली.

"ह्यो बघा गडी, सरकार. नाव काढायचं न्हाई म्हणला हुता, म्हणून घेतलं न्हाई."

आत कुणीतरी फिस्सकन हसलं. राजेसाहेबांचे कान लाल झाले.

"लबाडी! आमच्या डोळ्यांपुढं कुस्ती झालेली नाही. कुस्ती न बघता दिलेला निकाल आम्ही मानत नाही!"

"मग लावा की कुस्ती!"

धोंडीराम मशीन आणि सागवानी फळी घेऊन कोपऱ्यात उभाच होता. कस्तुरानं बॅटरी बसवली आणि मशीन राजेसाहेबांपुढं धरलं. "तुम्हीच धरा. न्हाईतर म्हणाल, सुतारानं मुद्दाम हात ढिला सोडला."

राजेसाहेबांनी बाह्या सारल्या. पोरं माती झटकत भोवती जमली. पहिला स्क्रू घर्रकन आत! राजेसाहेबांनी मिशीला पीळ दिला. "बघितलंस?" दुसरा जरा कण्हत कण्हत गेला. तिसरा निम्मा गेला आणि घुर्र... घुं... कुं... गप्प! राजेसाहेबांनी पुन्हा खटका दाबला, अंगाचा भार टाकला, "चल रे गड्या!" म्हणून चुचकारलंसुद्धा. मशीन ढिम्म हललं नाही.

सगळे राजेसाहेबांकडं बघत होते. त्यांनी घसा खाकरला.

"हं. स्क्रू निम्मा आत, निम्मा बाहेर. कुस्ती बरोबरीत सुटली!"

"चालंल की, सरकार!" कस्तुरानं लगेच मान डोलावली. "मग पुढच्या कुस्त्या घ्या. अजून पाचशे स्क्रू जोडीला उभे हायेत. बॅटरी तुमचीच ठेवू, आन् मनगटबी तुमचंच!"

असं म्हणून तिनं त्यांच्या हातात पेचकस दिला!

राजेसाहेबांनी पेचकसाकडं बघितलं. मग धोंडीरामाच्या सुजलेल्या मनगटाकडं बघितलं, आणि जरा ओशाळले. मग मात्र त्यांना असं हसू फुटलं की वस्तादांनी धावत जाऊन खुर्ची पुढं केली.

"काढा!" ते डोळे पुसत ओरडले. "ही काढा, दुसरी आणा! दुसरी कसली, दोन आणा! धोंडीराम, मनगट बरं होईपर्यंत तू नुसता खुर्चीत बसून हुकूम सोड. आणि वस्ताद, फेटा आणा, कुस्ती हिनं मारली!"

फेटा आला. राजेसाहेबांनी तो स्वतःच्या हातानं कस्तुराला बांधला, आणि तालमीतल्या पोरांनी एकदम शड्डू ठोकले.